७००० चा आकडा कशाचा?

‘नव्या एनव्हीएमई एसएसडीच्या (डेटा साठवणाऱ्या वेगवान ड्राइव्हच्या) टेस्टमध्ये सेकंदाला ७००० एमबी आले, म्हणजे जुन्या साटा एसएसडीपेक्षा कॉम्प्युटर बारापट पळणार’ हा समज काही केल्या जात नाही. आकडा खोटा नाही. पण क्रिस्टलडिस्कमार्क या ड्राइव्हचा वेग मोजणाऱ्या ॲपमधली ती पहिली ओळ सलग वाचनाची, म्हणजे मोठी फाइल एका ओळीत वाचण्याची असते. विंडोज किंवा एखादं ॲप सुरू होताना मात्र ड्राइव्हला असंख्य बारीक तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात. त्यासाठी सर्वांत खालची ओळ बघा, ४के क्यू१टी१ (४ केबीचे विखुरलेले तुकडे, एका वेळी एकच मागणी). वाचनाच्या रकान्यात तोच ड्राइव्ह सेकंदाला साधारण ८०-९० एमबीवर आलेला दिसेल!

शिवाय टेस्टची फाइल मुळात १ जीबीची, एसएलसी कॅशमध्ये (ड्राइव्हमधल्या वेगवान पण मर्यादित तात्पुरत्या जागेत) सहज मावणारी. लिहिण्याचा खरा कस पाहायचा तर ड्राइव्हवर २००-३०० जीबीचे व्हिडिओ सलग कॉपी करा आणि वेगाचा आलेख कुठे कोसळतो ते पाहा.