पाणी निवळणे व निर्जंतुक करणे (घरगुती)

गढूळ पाण्यातील माती तळाशी बसवणे आणि वरच्या पाण्यातील रोगजंतू मारणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. व्यवहारात दोन्हींना सरसकट ‘पाणी शुद्ध करणे’ म्हणतात आणि तिथेच घात होतो. तुरटी फिरवून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातूनही कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ पसरू शकते.

निवळणे : निवळी (स्ट्रिक्नॉस पोटॅटोरम, सं. कतक) या झाडाच्या बियांचा उपयोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 45) गढूळ पाणी निवळण्याची सात साधने दिली आहेत : कतक, गोमेदक, कमळाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती व मणी. या ग्रंथाचा काळ काही जण इसवी सनापूर्वी बराच मागे नेतात. मात्र आजचे पाठरूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मनुस्मृतीत (6.67) कतकफळाचा दृष्टांत येतो : ते पाणी निवळते खरे, पण नुसते त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. म्हणजे तोवर ही गोष्ट दृष्टांत देण्याइतकी सर्वपरिचित झाली होती. ‘निवळ’ हा शब्द ‘निर्मल’वरून आला असे सर्रास सांगतात. परंतु कर्म–काम, चर्म–चाम या नेहमीच्या वाटेने ‘म’ टिकायला हवा होता. म्हणून ही व्युत्पत्ती जपून घ्यावी.

बी सहाणेवर किंवा मातीच्या भांड्याला आतून उगाळून ती पाण्यात मिसळतात. तिच्यातील पॉलिसॅकराइडे व प्रथिने मातीच्या कणांना एकमेकांशी जोडतात आणि जड झालेले कण खाली बसतात. तुरटीचे काम निराळ्या मार्गाने होते : पाण्यातील क्षारतेशी क्रिया होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके बनतात आणि ते माती ओढून घेतात. 20 लिटरच्या हंड्याला साधारण 0.5 ते 0.8 ग्रॅम तुरटी पुरते; अगदी गढूळ पाण्याला थोडी जास्त लागते. आधी मिनिटभर जोरात ढवळावे, मग पाच मिनिटे अगदी सावकाश. सावकाश ढवळताना पुंजके डोळ्यांना दिसू लागतात. तेव्हा घाई केली, तर ते फुटतात आणि पुन्हा बसत नाहीत. अर्धा ते दोन तास हंडा हलवू नये. वरचे पाणी काढून घ्यावे व तळाचे दोन बोटे पाणी टाकून द्यावे. पाण्याला तुरट चव आली, तर मात्रा जास्त झाली असे समजावे.

गाळण्यासाठी जुनी, अनेकदा धुतलेली सुती साडी नव्या कापडापेक्षा चांगली, कारण तिचे धागे पिंजून छिद्रे बारीक होतात. बांगलादेशातील मतलब भागात चार घड्या केलेल्या साडीतून पाणी गाळल्याने कॉलराचे रुग्ण सुमारे 48 टक्के घटले, असा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यात तरंगणाऱ्या ज्या सूक्ष्म जीवांना (प्लवकांना) चिकटलेले असतात, ते कापडात अडकतात. सुटे जंतू मात्र सहज पार होतात.

निर्जंतुक करणे : महाराष्ट्रात गावोगावी हे काम ‘टीसीएल’ने, म्हणजे ब्लीचिंग पावडरीने, होते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपलब्ध (म्हणजे जंतू मारण्यास कामी येणारे) क्लोरीन असते. पोते उघडे राहिले, दमट वा तापलेल्या खोलीत पडले की हे प्रमाण झपाट्याने उतरते. वसतिगृहाच्या 1,000 लिटर टाकीत लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचे, तर ताजी पावडर 6 ग्रॅम लागते. 20 टक्क्यांवर उतरलेली असेल, तर 10 ग्रॅम. ‘दर वेळी एक चमचा’ हा हिशेब त्यामुळेच फसतो.

नेमकी मात्रा हॉरॉक्स चाचणीने ठरते. काळ्या कपात 2 ग्रॅम पावडर कालवून खुणेपर्यंत पाणी घालतात व निवळू देतात. सहा पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी घेऊन काळ्या कपातील वरच्या निवळलेल्या पाण्याचे अनुक्रमे एक ते सहा थेंब टाकतात. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे (क्लोरीन शिल्लक असल्यास निळा रंग देणाऱ्या द्रावणाचे) तीन थेंब सोडतात. पहिला स्पष्ट निळा कप तिसरा असेल, तर 455 लिटरला 6 ग्रॅम पावडर.

पावडर थेट टाकीत कधीही टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे पाणीच टाकीत ओतावे. त्यानंतर किमान 30 मिनिटे नळ बंद ठेवावा. मग शिल्लक क्लोरीन दाखवणाऱ्या ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे थेंब टाकून (ओटी चाचणी) पिवळा रंग पाहतात. मोकळ्या क्लोरीनचा रंग पहिल्या काही सेकंदांतच वाचायचा असतो. उशिरा वाचल्यास पाण्यातील अमोनियासारख्या द्रव्यांशी जोडलेले क्लोरीनही त्यात मोजले जाते. ऑर्थोटोलिडिनवर कर्करोगकारकतेचा संशय आहे; तपासलेले पाणी पिऊ नये, विहिरीतही ओतू नये. अनेक देशांत त्याची जागा डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या चाचणीने घेतली आहे. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर लिटरला 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असणे इष्ट. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक 10500 नुसार किमान 0.2. पाणी गढूळ असल्यास माती क्लोरीन खाऊन टाकते आणि कणांआड जंतू वाचतात. म्हणून आधी निवळणे, मग क्लोरीन हा क्रम बदलता येत नाही.

क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींवर क्लोरीन चालत नाही; तिथे खळखळ उकळी आणणेच खात्रीचे. उकळलेले पाणी झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये.

पावडर झाकणबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, रॉकेल-तेलापासून दूर ठेवावी. संडास धुण्याच्या ॲसिडशी ती मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत हा वायू कोंडतो. तसे घडल्यास झाडझूड न करता तत्काळ बाहेर पडून दार-खिडक्या उघडाव्यात.