टी पेशी ग्राही

टी पेशी ग्राही : टी लसीका पेशींच्या (रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) पटलात रुतलेले, प्रतिजन म्हणजे प्रतिकार जागवणारा पदार्थ ओळखण्याचे काम करणारे प्रथिन. प्रयोगशाळांत त्याला सर्रास टीसीआर म्हणतात. बी पेशींपासून होणारी प्रतिपिंडे रक्तात मोकळी फिरतात आणि विषाणू किंवा जीवविष जसेच्या तसे पकडतात. टीसीआर मात्र पेशी सोडून बाहेर पडत नाही आणि अखंड प्रतिजनाची दखल बहुधा घेत नाही. एखाद्या पेशीने आपल्यातील प्रथिनांचे तुकडे करून त्यांपैकी एक पेप्टाइड (छोटा तुकडा) एमएचसी या, व्यक्तीगणिक वेगळ्या असणाऱ्या, पृष्ठभागावरील रेणूच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर मांडले, तरच ते त्याला दिसते. पेशीच्या आत शिरलेल्या विषाणूचा सुगावा टी पेशींना लागतो तो यामुळेच.

ही अट रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवली. संसर्ग झालेल्या उंदराच्या मारक टी पेशी त्याच विषाणूने बाधित पेशींना मारत, पण त्या पेशींचे एमएचसी वेगळे असेल तर त्यांना हात लावत नसत. या शोधासाठी दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रयोग झाले तेव्हा प्रत्यक्ष ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. पेप्टाइडासाठी एक आणि एमएचसीसाठी दुसरा असे दोन ग्राही असावेत, असेही काहींना वाटे. १९८४ मध्ये टोरांटोत टाक माक यांच्या गटाने मानवातील, तर अमेरिकेत मार्क डेव्हिस यांच्या गटाने उंदरातील टीसीआरची जनुके शोधली. पुढे १९९६ मध्ये स्फटिकरचना हाती आल्या आणि एकच ग्राही पेप्टाइड व एमएचसी या दोहोंवर तिरकस बसतो हे स्पष्ट झाले.

मानवी रक्तातील बहुतेक टी पेशींवरील ग्राही आल्फा आणि बीटा या दोन साखळ्यांचा असतो. उरलेल्या थोड्या पेशींवर गॅमा व डेल्टा साखळ्या असतात आणि त्यांतील पुष्कळांना एमएचसीची गरज लागत नाही. प्रत्येक साखळीच्या टोकाला तीन लवचीक वळणे असतात. पेप्टाइडाशी मुख्यतः भिडते ते तिसरे वळण, आणि सर्वाधिक वैविध्यही त्यातच आढळते. हे वैविध्य वारशाने तयार मिळत नाही. पेशी घडत असताना आरएजी-१ व आरएजी-२ ही विकरे डीएनए कापून जनुकखंड नव्याने जोडतात आणि जोडाच्या जागी आणखी काही न्यूक्लिओटाइडे साच्याविना घातली जातात. आरएजी जनुकांतील गंभीर दोषामुळे ही जोडणी झाली नाही, तर बाळाच्या शरीरात टी आणि बी या दोन्ही पेशी तयार होत नाहीत. या पद्धतीने संभवणारे सगळे ग्राही मावतील इतक्या टी पेशी मानवी शरीरात नाहीत. म्हणून एकाच ग्राहीला अनेक पेप्टाइडे ओळखावी लागतात. त्यातून कधी स्वतःच्या ऊतींवरही हल्ला होतो.

यादृच्छिकपणे बनलेल्या या ग्राहींची पारख यौवनलोपी ग्रंथीत (थायमसमध्ये) होते. स्वतःचे एमएचसी ज्यांना मुळीच जाणवत नाही त्या पेशी मरतात, आणि स्वतःच्या पेप्टाइडांना फार घट्ट चिकटणाऱ्याही बहुतांशी मरतात. काही मात्र इतर पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी होतात. बहुसंख्य पेशी या ग्रंथीतून जिवंत बाहेर पडतच नाहीत.

टीसीआर आणि पेप्टाइड यांचा बंध प्रतिपिंडांच्या मानाने दुबळा असतो व सहसा काही सेकंदच टिकतो. तरीही योग्य पेप्टाइड मोजक्याच प्रती मांडलेले असले तरी टी पेशी जागी होते. तो बंध किती वेळ टिकला यावर पुढचे बरेच अवलंबून असते, आणि माझ्या मते या रेणूचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य हेच आहे. ग्राहीच्या स्वतःच्या शेपट्या आखूड असल्याने संदेश आत नेण्याचे काम सोबतची सीडी३ प्रथिने करतात. एलसीके हे विकर त्यांना फॉस्फेट जोडते, तेथे झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते, आणि पेशीतील कॅल्शियम वाढून कॅल्सिन्युरिन या विकरामार्फत इंटरल्यूकिन-२ या, टी पेशींची वाढ करवणाऱ्या प्रथिनाचे जनुक चालू होते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही औषधे कॅल्सिन्युरिनलाच अडवतात. प्रथमच प्रतिजन भेटणाऱ्या पेशीला पटलावरील सीडी२८ या प्रथिनामार्फत दुसरा संदेशही लागतो. तो न मिळाल्यास ती निष्क्रिय होते.

कर्करोगावरील उपचारांत ही यंत्रणा आता हाताळली जाते. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र यांनी विकसित केलेल्या आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचारात (रुग्णाच्या टी पेशी बदलून परत देण्याच्या उपचारात) टीसीआरऐवजी कृत्रिम ग्राही वापरतात, पण त्याच्या आतल्या टोकाला सीडी३ समूहातीलच झीटा साखळीचा भाग असतो. असा ग्राही एमएचसीवाचून काम करतो. मात्र पेशीच्या पृष्ठभागावर जे आहे तेवढेच त्याला दिसते. टीसीआर बदललेल्या टी पेशी अर्बुदाच्या आतील प्रथिनेही हेरू शकतात. सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या कर्करोगावरील अशा पेशींच्या उपचाराला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली, परंतु तो ठरावीक एचएलए (मानवी एमएचसी) प्रकार असलेल्या रुग्णांनाच देता येतो.