हरित जागांची विषम उपलब्धता (बेळगाव सीमाभाग)

शहरातील उद्याने, मैदाने, तळ्यांचे काठ व सावलीचे रस्ते यांचा लाभ उत्पन्न, वस्ती आणि कामाच्या वेळा यांनुसार कमी-अधिक मिळणे. ‘हरित जागा’ ही संज्ञा नियोजनशास्त्रातली. बेळगावात बोलताना ‘बाग’, ‘मैदान’ आणि ‘शिवार’ हेच शब्द चालतात.

मोजमापाबद्दल एकमत नाही. माणशी 9 चौ. मी. हरित जागा हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर सर्रास सांगितले जाते. परंतु संघटनेच्या मूळ दस्तऐवजापर्यंत त्याचा माग नीट लागत नाही, असे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. संघटनेच्या युरोप कार्यालयाने 2016 मध्ये अंतराचे माप धरले : घरापासून साधारण 300 मी.च्या आत अर्धा ते एक हेक्टर सार्वजनिक हिरवळ. भारत सरकारच्या 2014 च्या नियोजन मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौ. मी. मोकळी जागा सुचवली आहे. सेसिल कोनाइनेन्डाइक यांचे 2021 चे ‘3-30-300’ सूत्र घरातून दिसणारी 3 झाडे, वस्तीवरचे 30 टक्के वृक्षछत्र आणि 300 मी.वरील उद्यान अशी तीन मापे एकत्र आणते. बेळगावपुरते अंतराचे माप अधिक ग्राह्य वाटते. सरासरी काढली की कॅम्पातली (लष्करी छावणीतली) झाडे आणि खडेबाजारातल्या दाट वस्तीतली माणसे एकाच भागाकारात बसतात.

शहराची बरीचशी गर्द झाडी नगरपालिकेने लावलेली नाही. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला व पुढे लष्करी छावणी वसली. रुंद रस्ते, आवारांत सुटे बंगले आणि त्यांभोवती मोठे वृक्ष ही तिची देण. छावणीचा कारभार आजही महापालिकेहून वेगळा आहे. टिळकवाडी या वसाहतीची आखणी त्यानंतरची. तिचे मूळ नाव ‘ठळकवाडी’ की ‘टिळकवाडी’, हा वाद मराठी वाचकांना परिचित आहे. तिथल्या शाळेच्या नावात ‘ठळकवाडी’ टिकून असल्याने ते रूप जुने असावे. व्हॅक्सिन डेपो हे विस्तीर्ण आवार देवीची लस तयार करण्यासाठी, बहुधा विसाव्या शतकाच्या आरंभी, राखले गेले. लसीचे काम संपले, झाडे राहिली. पहाटे तिथे चालायला येणाऱ्यांत बूट घातलेला पेन्शनर आणि अनवाणी धावणारा भरतीचा उमेदवार दोघेही दिसतात, पण शहापूर-वडगावकडून येणाऱ्याला आधी रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो. पहिले, दुसरे, तिसरे गेट (रेल्वे फाटक) हे पत्ते त्यातूनच रूढ झाले. 2016 च्या पहिल्या यादीत बेळगावची स्मार्ट सिटी म्हणून निवड झाल्यानंतर याच आवारातील बांधकामांना नागरिकांचा विरोध झाला.

जुन्या गल्ल्यांत बागेची उणीव घरामागचे परडे भरून काढी : विहीर, केळ, तुळस, एखादा शेवगा. वाटण्या झाल्या, मजले चढले, परडी गेली. शहापूर हे पूर्वी सांगली संस्थानात असल्याने त्याची वाढ बेळगावपेक्षा निराळी झाली. तिथे आणि वडगाव-खासबागेत विणकरांच्या घरात पुढची खोली मागाला जाते, मुले रस्त्यावर खेळतात. बाग उघडी असते त्या वेळी माग चालू असतो. उद्यानाचे तास ठरवताना हा हिशेब क्वचितच होतो.

दक्षिणेकडील वस्त्यांना खरा मोकळा वारा मिळतो तो शिवारात. बेळगाव बासमती पिकवणारी ही भातजमीन खासगी आहे. बांधावरून फिरणे हा हक्क नव्हे, शेतकऱ्याचा भलेपणा. शेतात शिरणारे बळ्ळारी नाल्याचे पाणी आणि हलगा-मच्छे बायपाससाठीचे भूसंपादन यांमुळे ही जमीनही अडचणीत आहे. कर्नाटकाचा उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या जतनाचा 1985 चा कायदा अशा शेतजमिनीसाठी नाही.

बेळगाव जिल्ह्यातील निपाणीत तंबाखूच्या वखारींत व विड्या वळण्यात दिवस घालवणाऱ्या स्त्रियांसाठी प्रश्न अंतराइतकाच फुरसतीचा आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीचे दाट जंगल आहे, तेथील भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. मात्र जंगलाची जवळीक आणि गावातली बाग या दोन वेगळ्या गोष्टी.