तिसरा मजला आणि सत्तरीचे गुडघे

लिफ्ट नसलेल्या, तळमजला अधिक तीन मजल्यांच्या जुन्या सोसायट्या पुणे, ठाणे, डोंबिवलीत जागोजागी दिसतात. ऐन तिशीत तिथं संसार थाटलेली जोडपी आज सत्तरीपार आहेत. 'जमतंय तोवर इथंच राहू,' हे त्यांचं नेहमीचं उत्तर. मला या 'जमतंय तोवर'चीच काळजी वाटते. घर बदलायचा विचार अनेकदा खुब्याचं हाड मोडल्यावर सुरू होतो, आणि तेव्हा नीट निवड करायला ना वेळ असतो ना ताकद.

पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नाहेमॉ या अमेरिकी संशोधकांनी १९७३ साली या प्रश्नाची सुटसुटीत मांडणी केली. एकीकडे माणसाची क्षमता: स्नायू, नजर, स्मरणशक्ती. दुसरीकडे परिसराचा भार: पायऱ्या, अंधार, अंतर. क्षमता घटते तसा तोच जिना जड होत जातो. मांडणीचा दुसरा अर्धा भाग मात्र आपण विसरतो. भार अगदीच काढून घेतला, तरीही माणूस खचतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात साठी ओलांडलेल्या धडधाकट लोकांना १० दिवस अंथरुणातच ठेवलं. तेवढ्यात प्रत्येकाच्या पायांतले स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोनं घटले. 'आई, तू काही करू नकोस, नुसती बसून राहा,' असं प्रेमानं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

जिना चढताना दम लागतो, म्हणून भीती चढण्याची वाटते; पडण्याचा धोका उतरताना जास्त. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच सगळ्या शरीराचं वजन सावरून धरतो, ब्रेकसारखा. वयानुसार तो दुबळा होतो. त्यात साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीच्या मानानं साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. बाहुली लहान राहते, भिंग पिवळट होतं. बायफोकल चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. आता जुन्या सोसायटीचा जिना डोळ्यांपुढं आणा: काळसर फरशीच्या पायऱ्या, मजल्यावर एक मिणमिणता दिवा, कठडा एकाच बाजूला. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा, दुसऱ्या बाजूलाही कठडा आणि चांगला उजेड, एवढं तर सोसायटीच्या एका बैठकीत ठरू शकतं.

घरात जपायची वेळ रात्रीची. झोपेतून ताडकन उठलं की रक्त पायांकडे उतरतं, रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि नेमकं तेव्हाच ओल्या फरशीच्या बाथरूमकडे जायचं असतं. पलंगाच्या कडेला जरा वेळ बसावं, वाटेत रात्रभर छोटा दिवा असावा, कमोडशेजारी भिंतीत पक्की दांडी असावी. टॉवेलच्या दांडीवर भिस्त ठेवू नये, ती माणसाचं वजन पेलत नाही.

स्वतःची ताकद घरीच अजमावता येते. शेजारी कुणाला तरी उभं करावं, हात छातीशी बांधावेत आणि खुर्चीतून लागोपाठ पाच वेळा उठून बसावं. १५ सेकंदांहून जास्त लागले, तर पायांतलं बळ कमी झालंय असं डॉक्टर समजतात. व्यायामानं ते सत्तरीनंतरही वाढतं.

मग घर बदलायचं का? शहराबाहेर लिफ्टचा फ्लॅट घेतला, पण भाजीवाला, औषधांचं दुकान आणि ओळखीची माणसं रिक्षाच्या अंतरावर गेली, तर पायऱ्यांच्या जागी अंतराचा भार येतो. त्याच भागात तळमजल्यावर घर मिळत असेल, तर माझा कौल त्याला. निवृत्तांसाठीच्या संकुलांकरता महारेरा या राज्याच्या गृहबांधणी नियामक संस्थेनं २०२४ मध्ये किमान निकष ठरवून दिले आहेत. त्यांत लिफ्ट आहे, ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे आहेत. कुठलाही फ्लॅट पाहताना टेप सोबत न्यावी आणि बाथरूमचं दार आधी मोजावं.

आणि निवड ज्याची त्यानं करावी. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात एका मजल्यावरच्या लोकांना आपापले निर्णय घ्यायला आणि एक रोपटं निवडून सांभाळायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण देखभाल परिचारिकांकडे. तीन आठवड्यांनी स्वतः निर्णय घेणारी माणसं अधिक उत्साही दिसली. अभ्यास लहान आहे, तरी मुलांनी परस्पर फ्लॅट पसंत करण्यापूर्वी तो आठवावा. आईवडिलांना सोबत न्यावं, जमल्यास महिनाभर तिथं भाड्यानं राहू द्यावं, आणि जुनं घर त्यानंतरच विकायला काढावं.