काचपट्टीवरचे बीजाणू आणि हवेतले बीजाणू
तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांमध्ये फिरणारा एक जुना समज असा, की व्हॅसलीन लावलेली काचपट्टी बागेत आडवी ठेवली आणि ती कोरी निघाली, तर हवेत भुरी-केवडा या द्राक्षावरील बुरशीजन्य रोगांचे बीजाणू (रोग पसरवणारे सूक्ष्म कण) नाहीत. बीजाणू दिसले तर ती खूण खरी मानावी, पण कोऱ्या पट्टीवर विसंबून फवारणी टाळणे धोक्याचे आहे.

स्थिर हवेत दहापट व्यासाचा कण सुमारे शंभरपट वेगाने खाली बसतो. त्यामुळे पट्टीवर मोठे कण अधिक सापडतात आणि बारीक बीजाणू वाऱ्याबरोबर निघून जातात. शिवाय किती हवा तपासली, हे कळतच नाही. हर्स्ट सापळा हे हवेतले बीजाणू पकडणारे यंत्र मात्र मिनिटाला 10 लिटर हवा ओढतो आणि त्यातील चिकट फीत तासाला 2 मिलिमीटर सरकते, म्हणून तासागणिक मोजणी होते. पडताळा घ्यायचा, तर एकाच खांबावर एक पट्टी आडवी आणि दुसरी लहान मोटरवर फिरती ठेवून दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात; फिरती पट्टी हवेतले कण स्वतः जाऊन टिपते, म्हणून आडवीवर काय निसटले ते कळते.