जाळी बारीक केली की रक्तप्रवाहाचं उत्तर अचूक येतं का?

"जाळी जितकी बारीक, तितकं उत्तर खरं." स्कॅनवरून रक्तवाहिनीचं संगणकीय मॉडेल करणाऱ्यांत हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. (जाळी म्हणजे प्रवाहाचं गणित करण्यासाठी वाहिनीची पोकळी ज्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे घटकांत, विभागतात ती रचना.) त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

बारीक जाळीने गणितातली चूक कमी होते. वाहिनीच्या आकारातली चूक तशीच राहते. सीटी स्कॅनचा एक व्हॉक्सेल (त्रिमितीय चित्रातला सर्वांत छोटा ठोकळा) साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे ३ मिमीच्या धमनीच्या रुंदीत जेमतेम सहा. कडा ठरवताना व्यास २.७ मिमी धरला गेला, तर सरळ नळीत तेवढ्याच प्रवाहासाठी दाबातली घट सुमारे ५२ टक्क्यांनी जास्त येते, कारण ती व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. कोटभर घटकांची जाळीही हे पुसू शकत नाही. उलट पृष्ठभागावर व्हॉक्सेलच्या पायऱ्या राहिल्या असतील, तर त्याही ती इमानेइतबारे जपते. त्या घालवायला जास्त स्मूदिंग (पृष्ठभाग गुळगुळीत करणं) केलं, तर बारीक फांद्या आक्रसतात.

पडताळून पाहता येतं. आधी तीन जाळ्या, एकीपेक्षा एक बारीक. भिंतीवरचा घर्षणताण फारसा बदलेनासा झाला की पुरे. (भिंतीलगत जाळीचे पातळ थर मात्र लागतातच, वेग तिथेच झपाट्याने बदलतो.) मग जाळीची बारकाई तीच ठेवून सेगमेंटेशनची, म्हणजे स्कॅनमधून वाहिनी वेगळी काढताना ठरवलेली, कडा किंचित सरकवा आणि पुन्हा चालवा. आकडे इथे जास्त हलले, तर उरलेला वेळ कडा तपासण्यात घाला.