केस इंटरव्ह्यूची पार्श्वभूमी : वर्गातली रीत मुलाखतीत कशी आली

पवईच्या आयआयटी मुंबईत 1 डिसेंबरला नोकरभरतीचा हंगाम सुरू होतो, आणि त्याआधीचे दोन-तीन महिने वसतिगृहातल्या काही खोल्यांत रात्री उशिरापर्यंत एकच सराव चाललेला असतो. खाटेवर बसलेला एक जण समोरच्याच्या हाती कोरा कागद देतो आणि म्हणतो, ‘‘एका सिमेंट कंपनीचा नफा दोन वर्षांत निम्म्यावर आला आहे, का ते शोध.’’ समोरचा उत्तर देण्याची घाई करत नाही. तो दोन-तीन प्रश्न विचारतो, विचार करायला एक मिनिट मागून घेतो आणि कागदावर झाडासारखी आकृती काढू लागतो: नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च, उत्पन्न म्हणजे दर गुणिले विक्री, विक्री कमी झाली असेल तर ती साऱ्या बाजाराची घटली की फक्त या कंपनीची. याला ‘केस सोडवणे’ म्हणतात, जोडीदाराला ‘बडी’ म्हणतात, आणि मॅकिन्झी, बीसीजी (बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप), बेन यांसारख्या, कंपन्यांना कारभाराचा सल्ला देणाऱ्या व्यवस्थापन सल्लागार संस्थांत शिरण्याचा रस्ता याच कागदावरून जातो. हा प्रकार उमेदवारांच्या इतका अंगवळणी पडला आहे की तो कुठून आला, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

त्याचे मूळ कंपन्यांत नसून कायद्याच्या वर्गात आहे. 1870 मध्ये ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल हार्वर्डच्या विधी महाविद्यालयाचे प्रमुख झाले. नियम सांगायचे आणि विद्यार्थ्यांनी ते उतरवून घ्यायचे, ही तोवरची रीत मोडून त्यांनी विद्यार्थ्यांना न्यायालयांचे प्रत्यक्ष निवाडे वाचून यायला लावले आणि वर्गात प्रश्नांवर प्रश्न विचारून नियम त्यांच्याकडूनच काढून घ्यायला सुरुवात केली. हार्वर्डमध्येच 1908 साली व्यवस्थापनाची शाळा निघाली. 1919 मध्ये तिचे प्रमुखपद वॉलेस डॉनम यांच्याकडे आले, आणि ते स्वतः त्याच विधी महाविद्यालयातून शिकून पुढे बँकिंगमध्ये गेलेले गृहस्थ होते. निवाड्यांवरून शिकण्याची गोडी त्यांना ठाऊक होती, पण अडचण अशी की कायद्याचे निवाडे छापील ग्रंथांत तयार मिळतात, धंद्याचे मिळत नाहीत. म्हणून माणसे कारखान्यांत आणि पेढ्यांत पाठवून तिथले पेच लिहून काढण्याचे काम सुरू झाले; असा लिहून काढलेला एकेक पेच म्हणजे ‘केस’. 1921 मध्ये वर्गासाठी लिहिली गेलेली पहिली केस एका बूट बनवणाऱ्या कंपनीविषयी होती.

वर्गातली केस आणि मुलाखतीतली केस यांत एक फरक आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली तीच कळीची गोष्ट आहे. वर्गात सर्व माहिती आदल्या रात्रीच हातात पडलेली असते. प्रश्न उरतो तो तुम्ही तिचे काय करता एवढाच. मुलाखतीत माहिती परीक्षकाच्या खिशात असते, आणि ती योग्य प्रश्न विचारून बाहेर काढावी लागते. शिकवण्याच्या साधनाची निवडीसाठी चाळणी झाली ती इथे, आणि तशी ती व्हावी याची निकड सल्लागारीच्या धंद्यातून आली.

या धंद्याची सुरुवात अनुभवी माणसांनी केली. बॉस्टनमध्ये 1886 साली आर्थर लिटल या रसायनतज्ज्ञाने काढलेली संस्था त्यातली सर्वांत जुनी मानली जाते. शिकागोत एडविन बूझ यांनी 1914 मध्ये आणि हिशेबशास्त्राचे प्राध्यापक जेम्स मॅकिन्झी यांनी 1926 मध्ये आपापली दुकाने थाटली. मॅकिन्झी यांनी कंपनी तपासताना काय काय पाहायचे याची एक लांबलचक प्रश्नावली बनवली होती. ‘जनरल सर्व्हे आउटलाइन’ असे तिचे नाव, आणि नव्या माणसाला ती आत्मसात करावी लागे. आजचे उमेदवार ज्याला ‘फ्रेमवर्क’ म्हणतात, म्हणजे प्रश्नाची फोड करण्याचा ठरलेला साचा, त्याची पणजी म्हणून या प्रश्नावलीकडे बोट दाखवता येईल.

1933 मध्ये मार्व्हिन बोअर या संस्थेत आले. हार्वर्डमधूनच आधी कायदा आणि मग व्यवस्थापन शिकलेले बोअर क्लीव्हलंडच्या एका वकिली पेढीत होते. महामंदीत बुडालेल्या कंपन्यांच्या रोखेधारकांची कामे पाहताना त्यांच्या लक्षात आले की या कंपन्यांना कायद्याचा सल्ला द्यायला कितीतरी जण आहेत, पण कारभार कसा सुधारावा हे सांगणारे कोणी नाही. जेम्स मॅकिन्झी 1937 मध्ये वारले. पुढे 1950 ते 1967 या काळात बोअर संस्थेचे प्रमुख होते, आणि त्यांनी ती जाणूनबुजून वकिली पेढीच्या वळणावर नेली. गिऱ्हाइकाला ‘क्लायंट’ म्हणायचे, धंद्याला ‘प्रॅक्टिस’ म्हणायचे, आणि ठरावीक वर्षांत वरच्या पायरीवर न चढणाऱ्याने सन्मानाने बाहेर पडायचे. हा शेवटचा, ‘अप ऑर आउट’ नावाचा नियम न्यूयॉर्कच्या क्रॅव्हॅथ या वकिली पेढीच्या पद्धतीवरून घेतलेला आहे.

त्याचा एक परिणाम थेट भरतीवर झाला. दरवर्षी काही माणसे बाहेर जाणार म्हटल्यावर दरवर्षी नवी माणसे खालून आत यायला हवीत, आणि तीही तरुण, घडवता येतील अशी. तोवर मॅकिन्झी संस्था कारखानदारीत केस पिकलेल्या मंडळींना घेत असे. 1953 पासून ती व्यवस्थापन शाळांतून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना घेऊ लागली. अनुभवी माणसाला ‘आजवर काय केलेत’ असे विचारता येते, पण पंचवीस वर्षांच्या मुलाला काय विचारणार? गुणपत्रिका, प्राध्यापकांचे शिफारसपत्र आणि अर्ध्या तासाच्या गप्पा, एवढ्यावर बरेच दिवस भागवले गेले. 1973 मध्ये हार्वर्डमधून व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्या रजत गुप्तांना कामाचा अनुभव नाही म्हणून मॅकिन्झीने आधी नकार दिला होता. वॉल्टर सॅमन या त्यांच्या प्राध्यापकांनी संस्थेच्या न्यूयॉर्क कार्यालयाचे प्रमुख रॉन डॅनियल यांना पत्र लिहिले, तेव्हा दार उघडले. हेच गुप्ता 1994 मध्ये संस्थेचे जागतिक प्रमुख झाले. निवड एका पत्रावर फिरू शकत असेल तर ती पद्धत किती भरवशाची, हा प्रश्न कोणालाही पडावा.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केस इंटरव्ह्यू रूढ झाला तो या पार्श्वभूमीवर. मुलाखत घेणारा सल्लागार स्वतः केलेल्या एखाद्या कामाची नावे आणि आकडे बदलून ते उमेदवारापुढे मांडतो आणि तो कसा विचार करतो हे पाहतो. संस्थेला हे सोयीचे होते, कारण परीक्षा आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर फारसे राहत नव्हते, आणि परीक्षकाला वेगळी तयारीही करावी लागत नव्हती.

त्याच सुमारास उमेदवारांची शिदोरीही भरत गेली. ब्रूस हेंडरसन यांनी 1963 मध्ये बॉस्टनमधल्या एका बँकेची शाखा म्हणून बीसीजी सुरू केली, आणि 1970 मध्ये तिथून कंपनीच्या निरनिराळ्या धंद्यांची वर्गवारी करणारा, गाय, तारा, कुत्रा आणि प्रश्नचिन्ह अशा चार घरांचा प्रसिद्ध तक्ता बाहेर पडला. तिथलेच बिल बेन 1973 मध्ये वेगळे झाले आणि त्यांनी आपल्या नावाची संस्था काढली. हार्वर्डच्या मायकेल पोर्टर यांनी एखाद्या धंद्यातली स्पर्धा ठरवणाऱ्या पाच शक्तींची मांडणी 1979 मध्ये प्रसिद्ध केली. मॅकिन्झीत 1963 साली रुजू झालेल्या, तिथल्या पहिल्या एमबीए महिला सल्लागार बार्बरा मिंटो यांनी लेखन आणि मांडणी शिस्तीत बसवली: निष्कर्ष आधी, कारणे त्याखाली, आणि कारणांचे गट असे की एकातले दुसऱ्यात येऊ नये आणि काही सुटूही नये. या नियमाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून झालेला शब्द (MECE) जगभर ‘मीसी’ असा उच्चारला जातो. त्याचा उच्चार ‘मीस’ असाच आहे, असे खुद्द मिंटोबाईंचे म्हणणे, पण ऐकतो कोण! ही सारी साधने क्लायंटच्या कामासाठी घडली होती. उमेदवारांनी ती पाढ्यांसारखी पाठ केली, आणि कुठलाही प्रश्न आला की पाचही शक्ती एका दमात म्हणून दाखवणारी मुले दिसू लागली. त्यात त्यांचा दोष मी फारसा मानत नाही. आपल्याकडे परीक्षा म्हटली की पाठांतर आलेच.

तयारीतला दुसरा हिस्सा ‘गेसस्टिमेट’चा, म्हणजे हाताशी आकडे नसताना अंदाज बांधण्याचा. त्याचे घराणे भौतिकशास्त्रात आहे. 16 जुलै 1945 रोजी पहिल्या अणुचाचणीच्या वेळी एन्रिको फर्मी यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले, स्फोटाच्या लाटेने ते किती दूर उडाले हे पाहिले आणि स्फोटाची ताकद 10 हजार टन टीएनटीएवढी असावी असे सांगितले. प्रत्यक्षात ती त्याच्या दुपटीहून थोडी जास्त होती. एवढ्या साधनांत हा अंदाज उत्तमच म्हणायचा. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती, हा त्यांच्या नावाने चालणारा प्रश्न आपल्याकडे ‘पुण्यात केशकर्तनालये किती’ असा होतो. लोकसंख्या 50 लाख धरली तर पुरुष 25 लाख, प्रत्येकाचे महिन्याला एक कटिंग, म्हणजे महिन्याला 25 लाख कटिंगे. एका खुर्चीवर दिवसाला 12 आणि महिन्याला 26 दिवस काम, म्हणजे 312. तेव्हा सुमारे 8 हजार खुर्च्या लागतील, आणि दुकानात सरासरी अडीच खुर्च्या धरल्या तर जवळपास 3,200 दुकाने. दिवस 30 ऐवजी 26 का, तर अनेक दुकाने सोमवारी बंद असतात. हे आपणहून सांगणाऱ्या उमेदवाराकडे परीक्षक मान वर करून पाहतो. असल्या कोड्यांना विरोधही झाला आहे. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील यासारखे प्रश्न म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे, असे गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी 2013 मध्ये जाहीरपणे सांगितले. सल्लागार संस्थांनी मात्र अंदाज बांधायला लावणे सोडले नाही, कारण त्यांच्या कामात नव्या बाजारपेठेचा आकार असाच काढावा लागतो.

भारतात केस आधी आली आणि केस विचारणाऱ्या संस्था मागाहून. 1961 मध्ये अहमदाबादची आयआयएम स्थापन झाली ती विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने आणि हार्वर्डच्या सहकार्याने, त्यामुळे केसवरून शिकण्याची रीत तिच्याबरोबरच इथे उतरली. परदेशी संस्थांनी मुंबईत कार्यालये थाटली ती 1991 च्या उदारीकरणानंतर. मग ज्येष्ठांनी दिलेल्या मुलाखती टिपून ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वह्या आल्या, त्यांची ‘केसबुके’ झाली, आणि दरवर्षी नवी भर पडून ती पुढच्या तुकडीच्या हाती जाऊ लागली. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांपुरते असलेले हे लोण यथावकाश पवईसारख्या अभियांत्रिकीच्या आवारांतही पोहोचले.

मराठी शाळेतून आलेल्यांची इथे एक वेगळीच अडचण होते, आणि ती केवळ इंग्रजीची नाही. आपल्या उत्तरपत्रिकेत पानाच्या कडेला रेघ मारून ‘कच्चे काम’ असा रकाना ठेवण्याची सवय असते. तिथली खाडाखोड तपासनिसाने पाहायची नसते. गुण नीटनेटक्या उत्तराला. केस इंटरव्ह्यूत गुण मिळतात ते त्या कडेच्या रकान्याला, आणि तोही मोठ्याने बोलत भरायचा असतो. मनातल्या मनात अचूक गणित करून शेवटी बरोबर उत्तर सांगणारा इथे नापास होऊ शकतो, ही गोष्ट पटायलाच पहिले आठ-दहा सराव जातात.

पुढचा टप्पा बाजाराचा आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून केसच्या तयारीची पुस्तके, मग संकेतस्थळे, मग तासावर पैसे घेणारे माजी सल्लागार आले, आणि संस्थाही स्वतः नमुन्याच्या केसेस प्रसिद्ध करू लागल्या. तालीम केलेला विचार आणि उत्स्फूर्त विचार वेगळा ओळखणे परीक्षकाला अवघड होत गेले. मॅकिन्झीने मुलाखतीआधीच्या लेखी चाचणीच्या जागी इम्बेलस या कंपनीबरोबर बनवलेला संगणकीय खेळ आणला: बेटावरचे किंवा समुद्रातले प्राणी-वनस्पती निवडून टिकेल अशी अन्नसाखळी उभी करायची. व्यवसायाचे ज्ञान इथे निरुपयोगी ठरावे असाच हेतू होता. शिवाय उमेदवार काय निवडतो यापलीकडे तो त्या निवडीपर्यंत कसा पोहोचला, कुठे थांबला, काय पुन्हा उघडून पाहिले, याचीही नोंद हा खेळ ठेवतो. म्हणजे कच्च्या कामाचेच गुण, फक्त तपासनीस आता माणूस नाही. 2020 च्या अखेरीस इम्बेलस कंपनी मुलांच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या रोब्लॉक्सने विकत घेतली. तोवर या खेळाची हुबेहूब नक्कल सरावासाठी विकणारी संकेतस्थळेही सुरू झालेली होती.